एका टक्केवारीचे चार आकडे

सोमवारच्या आढावा बैठकीत एकाच प्रश्नाची तीन उत्तरं यायची. प्रश्न साधा होता: गेल्या महिन्यातल्या किती टक्के तक्रारी वेळेत सुटल्या? वेळेत म्हणजे ग्राहकाने तक्रार नोंदवल्यापासून ४८ तासांत. शाखा म्हणायच्या ९०. सेवाप्रमुखांच्या एक्सेलमध्ये ८३. करारातल्या दंडाचा हिशेब ठेवणारा लेखा विभाग ८० वर अडून बसायचा. ज्याची त्याची फाइल, आणि ज्याचा त्याचा तिच्यावर गाढ विश्वास. बैठकीचा पहिला अर्धा तास त्यातच जायचा.

यंत्रांच्या देखभालीचे करार घेणारी ही कंपनी. तिचं नाव देत नाही. आकडे एका विभागातल्या तीन शाखांपुरते आणि गोल करून घेतले आहेत, म्हणजे वाचता वाचता हिशेब करता येईल.

मला सांगण्यात आलं, "एक डॅशबोर्ड करून टाका, म्हणजे दर आठवड्याची ही कटकट मिटेल." पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड बनवायच्या साधनाचे परवाने कंपनीकडे आधीपासून होते, त्यामुळे साधन कोणतं हा वाद नव्हता. दोन आठवड्यांत मी डॅशबोर्ड उभा केला. वर कार्ड (एकच मोठा आकडा दाखवणारी चौकट), मध्ये शाखानिहाय स्तंभालेख, कडेला महिना आणि शाखा निवडायचे स्लायसर. एखाद्या स्तंभावर क्लिक केलं की अख्खं पान त्या शाखेपुरतं बदलायचं. दिसायला झकास. बैठकीत तो पडद्यावर लावला, आणि पहिल्याच कार्डवर आकडा आला ७३.

सेवाप्रमुख थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "वाद तीन आकड्यांचा होता," ते म्हणाले. "तुम्ही चौथा आणलात."

७३: माझी चूक

आधी स्वतःचा आकडा तपासायचं ठरवलं. कार्डवर डोकं आपटून काही कळत नाही, म्हणून एकच तक्रार उचलली आणि मॉडेलमध्ये, म्हणजे डॅशबोर्डमागच्या टेबलांत, ती कशी दिसते ते पाहिलं. तक्रार क्रमांक ४१७. मूळ नोंदवहीत तिची एक ओळ होती. माझ्या टेबलात चार.

चार ओळी का, ते भेटींच्या नोंदी वाचल्यावर समजलं. पहिल्या भेटीत तंत्रज्ञाला यंत्राची खोली बंद मिळाली. दुसऱ्या भेटीत बिघाड सापडला, पण सुटा भाग हाताशी नव्हता. तिसऱ्या भेटीत आणलेला भाग चुकीच्या मापाचा निघाला. चौथ्या भेटीत काम झालं. पॉवर क्वेरीत, म्हणजे पॉवर बीआयच्या डेटा तयार करायच्या भागात, मी तक्रारींचं टेबल भेटींच्या टेबलाशी मर्ज केलं होतं आणि कॉलम उलगडून घेतले होते. जितक्या भेटी, तितक्या ओळी, आणि चारही ओळींवर 'उशिरा' हा शिक्का. एक तक्रार माझ्या हिशेबात चारदा उशिरा सुटली होती.

तिन्ही शाखांच्या मिळून बंद झालेल्या तक्रारी ५००. त्यातल्या ४१५ वेळेत, ८५ उशिरा. मर्ज केल्यावर ओळी झाल्या ६००. वेळेत सुटलेल्या तक्रारी बहुधा एकाच भेटीत सुटतात, त्यामुळे त्यांच्या ४१५ च्या ४४० झाल्या. उशीर झालेल्या मात्र खेपा घालायला लावतात. त्या ८५ वरून १६० वर गेल्या. ४४० भागिले ६००, म्हणजे ७३. ओळी सगळीकडे सारख्या प्रमाणात वाढल्या असत्या तर टक्केवारी हलली नसती आणि चूक दिसलीही नसती. त्या वाईट तक्रारींच्या जास्त वाढल्या, म्हणून आकडा खाली ओढला गेला.

इथे एक मोह होतो आणि तो मलाही झाला. ओळी मोजण्याऐवजी डिस्टिंक्टकाउंट लावायचा, म्हणजे वेगवेगळे तक्रार क्रमांक तेवढे मोजले जातात. कार्ड लगेच ८३ दाखवतं आणि बैठकीपुरती सुटका होते. पण टेबल तसंच राहतं. उद्या कोणी म्हणालं, 'तक्रार सुटायला सरासरी किती तास लागतात ते दाखवा,' की तीच ४१७ पुन्हा चारदा मोजली जाणार, आणि या वेळी कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण सरासरी तास पडताळायला कोणाकडेच जुनी फाइल नव्हती.

म्हणून मर्ज मोडून काढला. तक्रारी एका टेबलात, एका तक्रारीला एकच ओळ. भेटी दुसऱ्या टेबलात, एका भेटीला एकच ओळ. शाखा, तंत्रज्ञ आणि तारीख यांची छोटी वेगळी टेबलं, आणि त्यांच्याकडून या दोन्हींकडे जाणारी नाती. याला स्टार स्कीमा म्हणतात. पुस्तकात ती पहिल्या प्रकरणात असते. मी ती वगळली होती, कारण एकच लांबलचक टेबल असलं की आलेख पटापट ओढता येतात. नात्यांत फिल्टर दोन्ही दिशांनी वाहू द्यायचा पर्यायही दिसतो. तोही सोपा वाटतो, पण एका टेबलापासून दुसऱ्यापर्यंत दोन वाटा तयार झाल्या की फिल्टर कुठून गेला हे शोधत बसावं लागतं. सगळी नाती एकाच दिशेची ठेवली.

९०: सरासरीची सरासरी

शाखांचा ९० खोटा नव्हता. त्यांनी मन लावून केलेला हिशेब होता तो. मोठ्या शाखेत ४०० तक्रारी, वेळेत ३२०, म्हणजे ८० टक्के. दुसऱ्या शाखेत ५० पैकी ४८, म्हणजे ९६. तिसरीत ५० पैकी ४७, म्हणजे ९४. ८०, ९६ आणि ९४ ची बेरीज २७०, भागिले ३, झाले ९०. प्रत्येक पायरी बरोबर, आणि तरीही ९० टक्के ग्राहकांचं काम वेळेत झालेलं नाही. ५०० पैकी ४१५ जणांचं झालं, म्हणजे ८३. चारशे तक्रारींच्या शाखेला आणि पन्नास तक्रारींच्या शाखेला एकच वजन दिल्यावर सात टक्के हवेतून येतात.

पॉवर बीआयमध्ये हीच चूक आणखी सहज होते. एक्सेलमधून शाखानिहाय टक्क्यांचा तयार कॉलम आणला, तो कार्डवर टाकला आणि 'सरासरी' निवडलं, की झालं. यावर उपाय म्हणजे मेजर, म्हणजे मॉडेलमध्ये लिहिलेलं हिशेबाचं सूत्र. कॅल्क्युलेटेड कॉलम रिफ्रेशच्या (डेटा नव्याने आणायच्या) वेळी एकदा मोजला जातो आणि टेबलात साठवला जातो. नंतर स्लायसर कितीही फिरवा, त्यातली किंमत बदलत नाही. मेजर ज्या चौकटीत दिसतो, त्या चौकटीवरचे फिल्टर लागू करून तिथल्या तिथे मोजला जातो. मी तीन मेजर लिहिले: एकूण तक्रारी, वेळेत सुटलेल्या तक्रारी, आणि डिव्हाइड हे फंक्शन वापरून दुसऱ्याला पहिल्याने भागणारा तिसरा. शाखेच्या ओळीत तो त्या शाखेचा अंश आणि छेद घेतो, खालच्या एकूण ओळीत सगळ्यांचा.

गंमत अशी की आकडा बरोबर आल्यावर पहिला फोन तक्रारीचाच आला. एका छोट्या शाखेचे प्रमुख म्हणाले, "साहेब, वर ८०, ९६, ९४ दिसतंय आणि खाली एकूण ८३. तुमची एकूणची ओळ चुकलीय." चुकली नव्हती, पण त्यांचंही बरोबर होतं: समोर नुसते टक्के असले की मन त्यांची सरासरीच काढणार. टक्क्यांच्या शेजारी तक्रारींच्या संख्येचा कॉलम लावला. ४०० च्या शेजारी ५० दिसल्यावर तो प्रश्न पुन्हा आला नाही.

डिव्हाइडबद्दल एक जाता जाता. छेद शून्य असेल तर ते चूक दाखवत नाही, रिकामी जागा देतं. आणि ज्या ओळीतले सगळे मेजर रिकामे, ती ओळ तक्त्यातून गुपचूप गळते. महिन्यात एकही तक्रार न आलेली शाखा यादीतून गायब झाली आणि तिच्या प्रमुखांना वाटलं, शाखा बंद करायचा बेत चाललाय. 'डेटा नसलेले आयटम दाखवा' हा पर्याय चालू केला.

८०: न सुटलेल्या तक्रारी

आता ८३ आणि ८० यांतला फरक उरला. तो तांत्रिक असेल असं मी गृहीत धरलं होतं, आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला.

लेखा विभागातल्या मॅडमनी त्यांची फाइल उघडून दाखवली. त्यांच्या छेदात ५२० होते. जादा २० कुठले? "या उघड्या आहेत," त्या म्हणाल्या. "महिन्यात नोंदवल्या, ४८ तास कधीच होऊन गेले, पण अजून बंद नाहीत. आम्हाला दंड त्यांच्यावरही लागतो." सेवाप्रमुख बंद झालेल्या तक्रारींतल्या किती वेळेत हे मोजत होते. त्या पद्धतीत न सुटलेली तक्रार हिशेबातच येत नाही. अवघड तक्रार उघडी ठेवली की महिन्याचा आकडा चांगला दिसतो. कोणी मुद्दाम तसं करत होतं असं मी म्हणत नाही, पण मोजमापातच ती सोय होती.

डॅशबोर्ड करताना यातलं एक निवडावंच लागतं. एक्सेलच्या तीन फाइली तीन खोल्यांत सुखाने राहू शकतात, पण एका मेजरला एकच छेद असतो. मी दोन्ही पर्याय कागदावर लिहून सेवाप्रमुख आणि मॅडम यांना एकत्र बसवलं. तासभर चर्चा झाली आणि ठरलं: महिना तक्रार नोंदवल्याच्या तारखेवरून धरायचा; मुदत उलटलेली उघडी तक्रार उशिरा मोजायची; ४८ तास अजून व्हायचे असतील तर तोवर ती हिशेबाबाहेर. ४१५ भागिले ५२०, म्हणजे ८०. सेवाप्रमुखांना तीन टक्के सोडावे लागले आणि ते त्यांना आवडलं नाही, हे त्यांनी लपवलंही नाही.

या निर्णयामुळे तारखेचं नातंही पक्कं झालं. तक्रारीला दोन तारखा असतात, नोंदवल्याची आणि बंद झाल्याची, पण दोन टेबलांमध्ये एका वेळी एकच नातं सक्रिय राहतं. सक्रिय नातं नोंदवल्याच्या तारखेशी ठेवलं. 'या आठवड्यात किती बंद केल्या' यासाठी बंद तारखेचं निष्क्रिय नातं यूजरिलेशनशिप या फंक्शनने त्या एका मेजरपुरतं जागं केलं.

मग मुदत उलटलेल्या तक्रारींचं कार्ड केलं. माझ्या संगणकावर त्यात २० आले. फाइल क्लाउडवर प्रकाशित केली, तिथे १७. फाइल तीच, डेटा तोच. टक्केवारीवरून हे कधीच कळलं नसतं, कारण ४१५ भागिले ५१७ हेही गोल करून ८० च येतं. मॅडमकडे वीस क्रमांकांची यादी होती म्हणून सापडलं.

कारण घड्याळात होतं. तक्रारीचं वय काढायला मी नाऊ हे फंक्शन वापरलं होतं. माझ्या संगणकावर ते माझ्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ देतं, क्लाउड सेवेत यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. तक्रारींवरची वेळ स्थानिक, 'आत्ता' मात्र काही तास मागे; त्यामुळे नुकतीच मुदत उलटलेल्या तीन तक्रारी क्लाउडवर अजून मुदतीतच दिसत होत्या. नाऊ काढून यूटीसीनाऊ घेतलं आणि त्यात स्थानिक वेळेचा फरक मिळवला. आता दोन्हीकडे एकच उत्तर येतं. जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तिथे हा ठरावीक फरक चालणार नाही. तिथे तारखांचं वेगळं टेबल लागेल.

पान जड का झालं

आकडे जुळले तेव्हा पहिलं पान उघडायला वीसेक सेकंद लागत होती. परफॉर्मन्स ॲनालायझर लावल्यावर कळलं की एखादा दृश्य घटक जड नव्हता, संख्याच जास्त होती. पानावर बावीस घटक होते, आणि प्रत्येक घटक आपली स्वतंत्र क्वेरी पाठवतो. "हेही टाका ना" अशा प्रत्येक विनंतीला मी मान डोलावली होती. सात ठेवले, बाकीचे आतल्या पानांवर. सेकंदापर्यंतची वेळ असलेला कॉलम तारीख आणि वेळ असा फोडला. एका कॉलममध्ये जितक्या वेगवेगळ्या किमती कमी, तितका तो चांगला दाबला जातो. आपोआप तारीख-टेबलं बनवण्याची सोयही बंद केली, कारण ती प्रत्येक तारीख-कॉलममागे एक लपलेलं टेबल तयार करते.

हलवलेल्या घटकांतला एक मात्र भलताच उपयोगी निघाला. शाखेवर उजवं क्लिक करून ड्रिलथ्रू केलं की त्या शाखेच्या उशिरा ठरलेल्या तक्रारींची क्रमांकांसह यादी उघडते. शाखाप्रमुखांचा डॅशबोर्डवर विश्वास बसला तो या पानामुळे. टक्केवारीशी भांडता येतं; ४१७ हा क्रमांक दिसला की माणूस म्हणतो, "हो, ती खोली बंद होती ती."

कोणाला काय दिसलं

प्रत्येक शाखेला फक्त स्वतःच्या तक्रारी दिसाव्यात, अशी अट होती. ओळींच्या पातळीवरची सुरक्षा लावली: ईमेल आणि शाखा यांचं एक टेबल, आणि लॉग इन केलेल्या माणसाचा ईमेल घेऊन त्याची शाखा गाळणारा नियम. 'व्ह्यू अॅज' करून, म्हणजे दुसऱ्याच्या नजरेने पान उघडून, तपासलं, चोख चाललं. दोन दिवसांनी एका शाखाप्रमुखांचा फोन. "आमच्या पुढे असलेल्या शाखेत एवढ्या तक्रारी उशिरा? बरं वाटलं बघून."

नियम बरोबर होता, दार मीच उघडं ठेवलं होतं. शाखांना स्वतःची पानं करता यावीत म्हणून मी त्यांना वर्कस्पेसमध्ये (डॅशबोर्ड बनवायच्या सामायिक जागेत) काँट्रिब्युटर केलं होतं. ही सुरक्षा फक्त व्ह्यूअर असलेल्यांना लागू होते. ॲडमिन, मेंबर आणि काँट्रिब्युटर यांना सगळं दिसतं. सगळ्यांना वर्कस्पेसमधून काढलं आणि डॅशबोर्ड ॲपमधून वाटला. त्याच आठवड्यात "लॉग इन नको, नुसती लिंक द्या" अशीही मागणी आली. 'पब्लिश टू वेब' हा पर्याय तेच करतो, पण ती लिंक इंटरनेटवर कोणालाही उघडते. नाही म्हणून सांगितलं.

थांबलेले आकडे

डेटा जिवंत हवा, असा आग्रह होता. डायरेक्टक्वेरीत तसं करता येतं, पण मग प्रत्येक क्लिक थेट मूळ डेटाबेसवर जाऊन आदळतो, आणि तोच डेटाबेस तक्रारी नोंदवून घेत असतो. मी विचारलं, दर मिनिटाला आकडा बदलला तर कोणता निर्णय बदलेल? उत्तर आलं नाही. इम्पोर्ट पद्धत ठेवली, म्हणजे डेटाची प्रत ठरावीक वेळी आणायची. आमच्या प्रो परवान्यात दिवसाला आठ वेळा रिफ्रेश लावता येतो, तो पुरला.

पुरला, तो मी रजेवर जाईपर्यंत. दरम्यान डेटाबेसचा पासवर्ड बदलला गेला. क्लाउडला डेटाबेसशी जोडणाऱ्या गेटवेला जुनाच माहीत होता. रिफ्रेश लागोपाठ चार वेळा फसला, की वेळापत्रक आपोआप बंद होतं. तसं ते झालं. फसल्याचा ईमेल मॉडेलच्या मालकाला जातो. मालक मी, आणि मी ईमेल बघत नव्हतो. तीन दिवस सगळे जण तेच आकडे बघत होते. डॅशबोर्ड काही बंद पडला नव्हता, स्लायसर फिरत होते, स्तंभ हलत होते. बिघडल्याचं एकही लक्षण नव्हतं.

आता पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ असते: डेटातली शेवटची तक्रार नोंदवल्याची वेळ. आधी तिथे रिफ्रेशची वेळ टाकणार होतो, पण ती फसवी आहे. मुळातच नव्या नोंदी आल्या नसतील तर रिफ्रेश यशस्वी होतो आणि शिळाच डेटा ताज्या वेळेसह मिरवतो. फसल्याचे ईमेल आता आणखी दोघांना जातात.

यानंतर

बैठकीत आता एकच आकडा येतो. 'वेळेत' या कार्डवर माउस नेला की व्याख्या दिसते: कोणत्या तक्रारी धरल्या, कोणत्या सोडल्या, महिना कोणत्या तारखेचा. ती ओळ लिहायला पाच मिनिटं लागली आणि ठरवायला पाच आठवडे.

पुढच्या महिन्यात मोठ्या शाखेचा आकडा सुधारला. ड्रिलथ्रू उघडून पाहिलं. 'सुट्या भागाची प्रतीक्षा' ही एक स्थिती आहे. तिच्यात तक्रार टाकली की ४८ तासांचं घड्याळ थांबावं असं जुन्या प्रणालीत ठरलेलं होतं, आणि मी ते तसंच उचललं होतं. त्या शाखेत ही स्थिती आधी क्वचित वापरली जायची. आता बऱ्याच तक्रारी ४८ तास भरायच्या थोडं आधी प्रतीक्षेत जात होत्या. काही खरोखरच भागांसाठी अडल्या होत्या. भेटींच्या टेबलात त्यांच्या नोंदी आहेत. काहींच्या पुढे भेटच नव्हती.

सेवाप्रमुखांना यादी पाठवली. आकडा बदललेला नाही. फक्त पहिल्या पानावर आठवा घटक आला आहे: प्रतीक्षेत गेलेले तास, शाखानिहाय.